जास्तीचा शब्द

वडिलांच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘ही व्यक्ती आता हयात नाही.’ चहाचा कप मी तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. फोटो नेहमीचाच. चष्मा कपाळावर सरकवलेला, मान किंचित तिरकी आणि फोटो काढणाऱ्याच्या कामात काहीतरी खटकल्यासारखी नजर. वर नाव, खाली हे वाक्य, आणि एरवी तिथं असणारी ‘निवृत्त मुद्रितशोधक; लेखनाविषयीच्या शंका विचाराव्यात’ ही ओळ गायब. मी वाक्य वाचलं आणि वाचल्याबरोबर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की यातला ‘आता’ जास्तीचा आहे. ‘हयात नाही’ एवढं म्हटलं की भागतं. जो आता हयात नाही तो पुढे कधी हयात होणार आहे असं थोडंच आहे. तो ‘आता’ मी मनातल्या मनात खोडलासुद्धा, आणि खोडून झाल्यावर त्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला. बाबा गेले होते, आणि मी त्यांचं प्रूफ तपासत होते.

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. दोन टेबलं, एक माझं, एक माझ्या भागीदार मैत्रिणीचं. खिडकीतून दुकानाच्या पाटीची फक्त पाठ दिसते, गंजलेल्या पट्ट्या आणि लोंबणाऱ्या वायरी. लहान लोकांच्या वेबसाइट आम्ही सांभाळतो. एक पोहण्याचा क्लास, दोन दंतवैद्य, एक कुलपं विकणारा, आणि छपाईच्या धंद्यातून निवृत्त झालेल्यांचं एक मंडळ. मंडळाचं काम मी फुकट करते, कारण माझे वडील त्यात आहेत. त्या सकाळी मी मंडळाच्या साइटवर सॉफ्टवेअरचं नवं अपडेट टाकलं होतं. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांचं अपडेट आधी साइटच्या नकलेवर टाकून बघायचं, सगळं धड दिसलं तर मग खऱ्या साइटवर, हा आमचा नियम. फुकटच्या कामाला नियम कुठला, म्हणून मी सरळ बटण दाबलं आणि चहा आणायला उठले. परत येऊन सवयीनं आधी बाबांचं पान उघडलं. इतर साइटवर मी आधी मुख्य पान बघते. इथं बाबांचं, कारण आई गेल्यापासून आमची भेट म्हणजे ते पान. आम्ही बोलत नाही. ते वाचकांच्या शंकांना उत्तरं देतात, ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ दीर्घ का आणि ‘आणि’मधला ‘णि’ ऱ्हस्व का, आणि मी ती वाचते. उत्तर तिरकस असलं म्हणजे तब्येत बरी आहे असं समजते.

मंडळातलं कोणी गेलं की त्याच्या पानावर तशी ओळ लिहायचं काम चिटणीसकाकांचं. उभा जन्म बाइंडिंगमध्ये घालवलेला माणूस, कोणतंही काम अर्धवट सुटलेलं त्यांना खपत नाही. म्हणून मला शंका आली नाही. काल संध्याकाळी झालं असेल, किंवा आज पहाटे. काकांनी आपलं काम चोख केलं असेल. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवणार तरी कोण? जिन्यातल्या शेजाऱ्यांना एवढंच ठाऊक असणार, की म्हाताऱ्याला एक मुलगी आहे आणि ती येत नाही. मी कप खाली ठेवला. बशीवर न ठेवता कीबोर्डाच्या कडेवर ठेवला, तो कलंडला, थोडा चहा सांडला, आणि मी तो ओढणीनं पुसत राहिले. डोळ्यांत पाणी नव्हतं. तोंडात धातूची चव आली होती, लहानपणी छापखान्यातला शिश्याचा खिळा चोखला होता तेव्हा आली होती तशी. मला स्वतःची भीती वाटली. बाप मेल्याचं वाचून जिचं मन आधी व्याकरण बघतं ती बाई काय आहे, असं मला वाटलं.

माझा चेहरा बघून भागीदार उठून आली. “बाबा गेले,” मी म्हटलं. ती खांद्यावर हात ठेवायला वाकली आणि वाकताना तिची नजर स्क्रीनवर गेली. हात खांद्यावर आलाच नाही. “बाई, जरा वर बघ की,” ती म्हणाली. पानाच्या डोक्यावर राखाडी पट्ट्यात बारीक इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या, एकाखाली एक, फोटोला खाली ढकलत आलेल्या. अमुक फाइलच्या अमुक ओळीवर अमुक गोष्ट सापडत नाही, तमुक पद्धत आता चालत नाही. एरर नोटिसा. या ओळींवर माझं पोट चालतं. झोपेतून उठवून दाखवल्या तरी मी ओळखीन. आणि त्या डोळ्यांसमोर असून मला दिसल्या नव्हत्या. तिनं माऊस हातात घेतला आणि मंडळातलं दुसरं नाव दाबलं. खिळे जुळवण्यात हयात गेलेले एक आजोबा. तेही आता हयात नव्हते. तिसरं नाव, शाईच्या कारखान्यातल्या बाई, त्याही नाहीत. चिटणीसकाका नाहीत. शेवटी ‘तांत्रिक साहाय्य’ या मथळ्याखाली माझा जुना फोटो होता, केस नीट विंचरलेले, आणि खाली, ‘ही व्यक्ती आता हयात नाही.’ “सगळं मंडळच एकदम गेलं,” भागीदार म्हणाली, “सहलीला गेले होते की काय?” आणि तिला हसू आवरेना. मीही हसले. हसताना माझे दात एकमेकांवर आपटत होते.

तेवढ्यात चिटणीसकाकांचा फोन आला. “वेलांटी, तू आम्हाला जिवंतपणी मारलंस गं,” ते म्हणाले. वेलांटी हे माझं बाबांनी ठेवलेलं नाव. लहानपणी मी पाठीत वाकून, डोकं पुढं काढून वाचायची, तेव्हापासूनचं. काकांच्या व्याह्यांनी म्हणे सकाळी साइट उघडली आणि सांत्वनाला कधी येऊ हे विचारायला फोन लावला तो काकांच्याच नंबरवर. काकांनी ‘चारनंतर या’ असं सांगून टाकलं होतं. साइटवर घोटाळा झालाय, दुपारपर्यंत नीट करते, असं मी सांगितलं. मला विचारायचं होतं, की बाबा कसे आहेत. अबोल्याचं काकांना ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, पण फोन ठेवता ठेवता तेच म्हणाले, “तुझ्या बाबांना मघापासून लावतोय, उचलत नाहीत. तू बघ जरा.”

यावर कोणीही शहाण्या माणसानं आधी फोन केला असता. मी आधी साइट हातात घेतली. बाबांनी फोन उचलला तर काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं, आणि नाही उचलला तर काय समजायचं हेही नव्हतं. साइटवर काय करायचं ते मात्र माहीत होतं. नोटिसा लोकांपासून लपवणं एका ओळीचं काम, ते केलं. लपवल्या म्हणजे संपल्या असं नसतं. त्या आत एका फाइलीत जमत राहतात, आणि आपण तिकडं बघितलं नाही तरी जमतात. मग सगळे प्लगिन, म्हणजे साइटला बाहेरून जोडलेली अवजारं, बंद केले आणि एकेक चालू करत गेले. दोष शोधायचा हाच धोपटमार्ग आहे, घरातली वीज गेली की एकेक बटण दाबून बघतो तसा. सभासदांच्या माहितीचा प्लगिन बंद असला की सगळे सभासद गायब. चालू केला की सगळे मेलेले. जिवंत काही करता येईना. कारण कळायला वेळ लागला नाही. प्लगिन सभासदाची माहिती ज्या जुन्या वाटेनं मागवत होता ती वाट नव्या आवृत्तीनं बुजवून टाकली होती. प्लगिन विचारायचा, अमुक माणूस आहे का, आणि हात रिकामे परत यायचे. हात रिकामे आले की म्हणायचं म्हणून एक वाक्य त्याच्याजवळ तयार होतं. आजवर ते म्हणायची वेळ आली नव्हती, कारण विचारलेला माणूस दर वेळी सापडायचा.

पण ते वाक्य कोणाचं? काकांनी लिहिलेलं नव्हतं. प्लगिन ज्यानं केला त्याला मराठीचा गंध नाही. त्याच्या फाइलीत इंग्रजी वाक्य होतं, ‘दिस यूजर नो लाँगर एक्झिस्ट्स’, म्हणजे या नावाचं खातं राहिलेलं नाही. मी भाषांतराच्या फाइलीत शोधलं. तिथं ते मिळालं आणि आजूबाजूची वाक्यंही दिसली. त्यांतलं एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे बाबांचं मराठी होतं. कोणी कुठंही दाखवलं तरी ओळखावं असं.

मंडळाची साइट मराठीत हवी असं ठरलं तेव्हा बाबा नुकते निवृत्त झाले होते आणि घरात भिंतींच्याही चुका काढत होते. आई म्हणाली, त्यांना काहीतरी वाचायला दे, नाहीतर मी घर सोडते. म्हणून मी सॉफ्टवेअरमधली इंग्रजी वाक्यं छापून नेऊन दिली. नुसती वाक्यं, एकाखाली एक. कोणतं कुठं येतं, कोण कोणाला म्हणतं, काही नाही. कॉम्प्युटरला तेव्हा बाबा शिवतही नसत. जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन ते आठवडाभर बसले आणि प्रत्येक वाक्याला न्याय दिला. ‘पोस्ट’ला टपाल. ‘फेटल एरर’ला प्राणघातक चूक. कुकीजची परवानगी विचारणारं वाक्य त्यांनी केलं होतं, ‘आम्ही बिस्किटे वापरतो, आपली हरकत नाही ना?’ आणि आई म्हणाली होती, हरकत कसली, चहा टाकते. हसून हसून तिला ठसका लागला होता. तिच्या पाठीवर थापट्या मारताना बाबाही हसत होते, पण पेन हातातून सुटलं नव्हतं. एखाद्या पानाला वरचं पान नसेल तर तिथं इंग्रजीत ‘नो पेरेंट’ येतं, त्याला त्यांनी एका शब्दात लिहिलं होतं, ‘पोरके’. बाकीची टपालं आणि बिस्किटं मी पुढं बदलली. ‘पोरके’ मला बदलवलं नाही. आणि हे हयातीचं वाक्य बदलायचं राहिलं, कारण ते कधी पडद्यावर आलंच नाही. ‘यूजर’ला व्यक्ती, ‘एक्झिस्ट्स’ला हयात, आणि मूळ ‘नो लाँगर’शी बेइमानी नको म्हणून ‘आता’. आपल्या मरणाची ओळ बाबांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती, आईच्या देखत, हसत हसत, आणि मला वाचताना तिच्यात जास्तीचा एक शब्द दिसला होता.

चूक सापडली की धक्का ओसरतो, असा माझा धंद्यातला अनुभव आहे. या वेळी ओसरेना. उलट चुकीच्या मागं दुसरंच काहीतरी उभं होतं ते दिसायला लागलं. आई गेली तेव्हा आम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो, बाबा आणि मी. समोर फरशी पुसत होते, आणि पुसणारा माणूस आमचे पाय येतील तेवढी जागा सोडून पुढं गेला, हे मला अजून दिसतं. पेपरात बातमी द्यायची होती. मी एका कागदावर लिहिली. आईचं नाव, वय, आणि ‘यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले’. सगळे लिहितात तेच. नावात चूक नको म्हणून कागद बाबांकडं दिला. ते नोकरीला होते त्या पेपरात त्यांच्याकडं जी पानं असत त्यांत निधनवार्तांचं पान होतं, सगळ्यात बारीक टाइपचं. ते नेहमी म्हणत, बातमीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते, माणूस दुसऱ्या दिवशी परत मरत नाही. त्यांनी कागद वाचला आणि खिशातून लाल पेन काढलं. आईला जाऊन फार वेळ झाला नव्हता आणि त्यांच्या खिशात लाल पेन होतं. त्यांनी ‘दुःखद’वर रेघ मारली, रेघेच्या टोकाला शेपटीसारखं वळण दिलं, समासात खूण केली आणि म्हणाले, “निधन दुःखदच असतं. जागा वाया जाते.”

मी कागद घेतला, स्वच्छ लिहून पाठवला. बातमी तशीच आली, दुःखाशिवाय. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पण भांडणाला धरायला काही नव्हतंच, भाषेच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. मी आधी रोज फोन करत होते, मग रविवारी, मग काही काम असलं तर, आणि काम निघेना. त्यांनीही केला नाही. नवरा एकदोनदा म्हणाला, जाऊन ये, म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, त्यांना लागलं तर ते बोलावतील. माझ्या मनात एकच गोष्ट कायम घट्ट होती, की त्या घटकेला त्यांना शब्द दिसला आणि आई दिसली नाही. एवढ्यावर मी माझ्या बापाला माझ्यापुरतं नाहीसं करून टाकलं होतं. आणि आज माझ्या मनानं काय केलं? मला ‘आता’ दिसला. बाबा मागून दिसले. लाल पेन हातात नव्हतं एवढाच फरक. मी त्यांचं हृदय दगडाचं समजत होते, आणि माझं काही मी दगडाचं मानायला तयार नव्हते. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, ओढणी चहानं भिजलेली होती आणि मला ते अजून कळलं नव्हतं. मग त्या दिवशी बाकावर त्यांना काय होत होतं हे मला कसं कळलं असतं?

मी फोन लावला. त्यांचा नंबर बोटांना आपोआप आला. बराच वेळ वाजला आणि मग ती नेहमीची रेकॉर्ड केलेली बाई बोलली, “आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती उत्तर देत नाही.” पुन्हा लावला. पुन्हा ती व्यक्ती. हे वाक्य मात्र स्वच्छ होतं, त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. मी भागीदाराकडं बघितलं. ती म्हणाली, तू नीघ, मी कालची प्रत परत चढवते, सगळ्यांना उठवून बसवते. तिनं माझी पर्स माझ्या हातात दिली, कारण मी ती न घेताच दाराशी पोचले होते.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर दुकानं सरकत होती आणि मी त्यांच्या पाट्या वाचत होते. वाचत नव्हते, तपासत होते. ‘येथे घड्याळ दुरूस्ती’, ‘रू’ दीर्घ, चूक. ‘शितपेये’, ‘शि’ ऱ्हस्व, चूक. लहानपणी बाबांबरोबर या रस्त्यानं चालताना हा आमचा खेळ होता. चूक आधी दिसली की मी त्यांचं बोट दाबायची आणि ते शाबास म्हणायचे. एका पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी शिडीवरून उतरायला लावलं होतं आणि आई लाजेनं दुसऱ्या फुटपाथवर निघून गेली होती. मला वाटत होतं तो खेळ केव्हाच संपला. तो चालूच होता. इतकी वर्षं माझे डोळे रोज हेच करत होते, कोणाचंही बोट न दाबता. समोरच्या सीटवरचा माणूस फोनवर कोणाला तरी सांगत होता, की तो अर्ध्या तासात पोचतो, आणि मला त्याचा हेवा वाटला, कारण पलीकडं कोणीतरी ऐकत होतं. छातीत एक जागा अशी दुखत होती की तिथं हात ठेवला तर बरं वाटेल असं वाटलं. ठेवला, आणि वाटलं नाही. साइटवरचं सगळं खोटं होतं हे मला माहीत होतं, दोष सापडला होता. तरी फोन उचलला जात नव्हता हे खरं होतं. चुकीनं छापलेली ओळ योगायोगानं बरोबर निघू शकते. बाबांनीच सांगितलं होतं, एकदा तसं झालं होतं म्हणून.

जिना चढताना कठडा हाताला थंड लागला. दारावर आईनं लावलेली नावाची पाटी होती, तिच्या नावासकट. बेल दाबली. आत काही नाही. पुन्हा दाबली आणि बोट काढायला विसरले. मग पावलं ऐकू आली, चप्पल घासत येणारी, सावकाश, कोणाच्या बापाची घाई नसलेली. ती पावलं ऐकताना मी चौकटीला धरलं. दार उघडलं. बाबा उभे होते. शर्टाची कॉलर गळ्याला सैल झालेली, चष्मा कपाळावर. मला बघून त्यांना नवल वाटलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. “बेल खराब होईल,” ते म्हणाले. मग बाजूला झाले. “चप्पल आत घे. बाहेर राहत नाहीत.”

मी फोनचं विचारलं. सकाळपासून मेलेल्या माणसांचे फोन येतायत, ते म्हणाले, वैताग आला म्हणून उशीखाली घातलाय. आवाज तोच, फक्त शब्दांच्या मध्ये श्वास जास्त. घर स्वच्छ होतं. आईच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते, म्हणजे तिच्यावर कोणी बसत नव्हतं. टेबलावर कॉम्प्युटर होता, तो ते केव्हा वापरायला शिकले मला माहीत नव्हतं. शेजारी एक लहान प्रिंटर, आणि प्रिंटरपुढं एक कागद. त्यांचं साइटवरचं पान त्यांनी छापून काढलं होतं. फोटो, नाव आणि वाक्य. वाक्यातल्या ‘आता’वर लाल रेघ होती, टोकाला शेपटीसारखं वळण, समासात खूण.

मी त्या कागदाकडं बघत उभी राहिले. ते म्हणाले, हयात नाही म्हटलं की झालं, ‘आता’ कशाला, कोणी लिहिलंय हे, त्या बाइंडरला लिहायला बसवता की काय तुम्ही. मी म्हटलं, “तुम्हीच लिहिलंय, बाबा.” त्यांना पटलं नाही. मग मी सांगितलं, जेवणाचं टेबल, लाल पेन, टपाल, बिस्किटं. बिस्किटांपाशी त्यांची मान सावकाश सरळ झाली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून त्यांनी कागद पुन्हा उचलला आणि त्यातलं वाक्य दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं वाचलं. “नो लाँगर,” ते हळूच म्हणाले. मग खुर्चीत बसले. कागद धरलेला हात थरथरत होता. तो वयानं थरथरत होता की आणखी कशानं, हे मला सांगता आलं नसतं, आणि या वेळी मी ठरवून टाकलं नाही.

“मीसुद्धा तोच शब्द खोडला,” मी म्हटलं. “वाचल्या वाचल्या. मला वाटलं होतं तुम्ही खरोखर गेलात, आणि मी आधी तो खोडला.” हे सांगताना मला रडू आलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही, माणूस रडत असताना ते कधीच बघत नाहीत. त्यांनी लाल पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. खालून कुलपाची किल्ली फिरल्याचा आवाज आला, कोणाचं तरी दार लागलं. मग ते बोलले. “निधनाच्या पानात ‘दुःखद’ हा शब्द रोज असायचा. ओळीओळीला. मला तो दिसायचाच बंद झाला होता.” ते थांबले, श्वास घेतला. “तिच्या नावाशेजारी दिसला.”

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. पाठीत वाकूनच बसले असणार, कारण त्यांनी दोन बोटं माझ्या पाठीला लावली आणि वर ढकलली, पूर्वी ढकलायचे तशी. भागीदाराचा निरोप आला, सगळे उठले. मी कॉम्प्युटरवर बाबांचं पान उघडलं. खाली जुनी ओळ परत आली होती, शंका विचाराव्यात. भाषांतराच्या फाइलीतलं ते वाक्य मात्र बदलायला हवं होतं. काय लिहू, मी विचारलं. ‘नोंद सापडली नाही’ लिही, ते म्हणाले, माणूस असतो, नोंद सापडत नाही. मी ते लिहिलं. त्यांनी वाकून एकेक अक्षर वाचून खात्री केली आणि मान हलवली. मग टेबलावरचा छापील कागद घेऊन, त्यावरची स्वतःची लाल खूण बघत, अगदी कामाचं बोलावं तशा आवाजात म्हणाले, “वेलांटी, माझ्या वेळी ‘दुःखद’ ठेव. खोडायला मी नसेन.”

मी म्हटलं, “जागा वाया जाते.”

“जाऊ दे,” बाबा म्हणाले.